व्हॅनिलाची कूज आणि डोळ्यातले फूल

भाताची कापणी नुकतीच आटोपली होती. मधुमेहाच्या नेहमीच्या तपासणीसाठी सावंतवाडीकडचे एक बागायतदार माझ्या ओपीडीत आले. साठी ओलांडलेले, पोफळीची बाग स्वतः राखणारे. साखरेचा कागद पुढे केला, पण उजवा डोळा रुमालाने झाकलेला. रुमाल बाजूला घ्यायला लावला तर डोळा लालबुंद, पाणी गळत होते आणि बुबुळावर भाताच्या दाण्याएवढा पांढरट ठिपका. आठ दिवसांपूर्वी बागेत वेल बांधताना झावळीचे टोक डोळ्याला लागले होते. त्यांनी गावातल्या दुकानातून थेंब आणले, दोन दिवस लाली कमी झाली, मग दुप्पट वाढली. थेंबांची बाटली खिशातच होती. त्यात प्रतिजैविकाबरोबर स्टिरॉइड होते.

मी डोळ्यांचा डॉक्टर नव्हे. पण सरकारी रुग्णालयात पंचवीस-तीस वर्षे काढली की काही गोष्टी लांबून ओळखू येतात. काडी, पाते, भाताचे तूस किंवा उसाचे पाचट डोळ्याला लागणे, आठवड्याभराने पांढरा ठिपका दिसणे आणि मध्ये स्टिरॉइडचे थेंब, ही साखळी दिसली की मनात पहिला संशय बुरशीचा येतो. त्यांना लगेच नेत्रविभागात पाठवले. तिथे व्रणाच्या कडेचे खरवडून घेतलेले कण पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून तपासले, तेव्हा बुरशीचे तंतू दिसले. चार-पाच दिवसांनी सूक्ष्मजीवशास्त्र विभागातल्या सहकाऱ्याने मला बोलावून सूक्ष्मदर्शकाखाली वाढवलेली बुरशी दाखवली. विळ्यासारखे, किंवा केळ्यासारखे म्हणा, बाक असलेले आणि मधूनमधून पडदे असलेले बीजाणू. फ्युजेरियम.

हे नाव मी काकांना सांगितले, तेव्हा त्यांनी मला चकित केले. "फ्युजेरियम? ह्या तर आमच्या व्हॅनिलाक लागलेला," ते म्हणाले. कृषी खात्याच्या माणसाने त्यांच्या कुजलेल्या वेलींकडे बघून हेच नाव सांगितले होते. मग त्यांचा पुढचा प्रश्न, जो मला अजून आठवतो: "डोळो बरो होतलो ओ, पण वेलींचा काय?"

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. पुढचे काही महिने मी ते शोधत राहिलो. शेतीचा माणूस नसूनही हा लेख लिहितो आहे त्याचे कारण ते. दुसरे कारण असे की वेलीच्या रोगाबद्दल वाचताना पानोपानी मला माझ्याच वॉर्डातले प्रश्न भेटत गेले.

एक खुलासा आधीच करतो. वेलीतली बुरशी उडून त्यांच्या डोळ्यात गेली, असे मी म्हणत नाही. फ्युजेरियम हे एक मोठे कुळ आहे. डोळ्यात बहुतेक वेळा त्यातला सोलानी गट सापडतो, तर व्हॅनिलाची मुळे खाणारी जात ऑक्सिस्पोरम. दोघींचे घर मात्र एकच: माती, सडका पाला, ओलावा.

सोन्याच्या भावाचा वेल

व्हॅनिला आपल्याकडे कशी आली हे पन्नाशीतल्या कोकणी माणसाला वेगळे सांगायला नको. एप्रिल २००० मध्ये हुडा नावाचे चक्रीवादळ मादागास्करच्या ईशान्य किनाऱ्यावर आदळले. जगातली बहुतेक व्हॅनिला तिथेच पिकते. पुढच्या तीन-चार वर्षांत वाळवलेल्या शेंगांचा जागतिक भाव किलोला पाचशे डॉलरच्या घरात गेला. केरळ आणि कर्नाटकात लोकांनी मिरी, सुपारी, कॉफीच्या बागांत व्हॅनिलाचे वेल चढवले, आणि ती लाट गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरीपर्यंत आली. वेलाचे हातभर तुकडे रोपांच्या भावाने नव्हे, दागिन्यांच्या भावाने विकले गेले. मग २००४-०५ मध्ये भाव पन्नास डॉलरच्या आसपास कोसळला आणि बहुतेकांनी वेल उपटून टाकले. आमच्या काकांनी थोडे राखले. २०१७ मध्ये मादागास्करला पुन्हा वादळ झाले, भाव पुन्हा चढला, तेव्हा त्यांनी ओळखीच्या बागेतून दीडशे तुकडे आणून लागवड वाढवली. रोग बहुधा त्या तुकड्यांबरोबरच आला.

हे समजून घ्यायला या वेलाचा स्वभाव पाहावा लागतो. व्हॅनिला म्हणजे एक ऑर्किड. मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. त्याच्या आत परागकण आणि स्त्रीकेसर यांच्यामध्ये एक पडदा असतो, त्यामुळे आपोआप फळ धरत नाही. मेक्सिकोबाहेर नेलेले वेल कितीतरी वर्षे नुसते वाढत राहिले. १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने तो पडदा उचलून, अंगठ्याने दाबून परागीकरण करून दाखवले. आजही जगभर प्रत्येक फूल याच पद्धतीने, हाताने फलित करतात. त्या मुलाला पुढे गुलामीतून मुक्ती मिळाली, पण या शोधातून पैसा मिळाला नाही. तो गरिबीतच मेला.

शेंग हातांनी धरवता आली, तरी नवे वेल बियांपासून कोणी करत नाही. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते, त्याच्यात शिदोरी नसते. निसर्गात ते रुजायला एखाद्या मित्र बुरशीने अन्न पुरवावे लागते. बुरशी म्हटले की शत्रू एवढेच आपल्या डोक्यात असते, म्हणून हे मुद्दाम सांगितले. शेतकरी वेलाचा तुकडा लावतो. तुकड्याचा तुकडा, त्याचा तुकडा. त्यामुळे बागेतले सगळे वेल, बरेचदा बेटावरचे किंवा देशातलेही, जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकच झाड असतात. एकाला जो रोग मारतो तो सगळ्यांना मारतो. जळगावच्या केळी उत्पादकांना हा धोका चांगला माहीत आहे. ग्रो मिशेल नावाची केळी विसाव्या शतकाच्या मध्यात याच फ्युजेरियम ऑक्सिस्पोरमच्या एका उपप्रकाराने बाजारातून नाहीशी केली, आणि तिच्या जागी आलेल्या कॅव्हेंडिशच्या मागे आता त्याचाच नवा अवतार लागला आहे. तो बिहार आणि उत्तर प्रदेशातही सापडला आहे.

मुळे का कुजतात

तूर किंवा हरभऱ्याचा 'मर' आपल्या शेतकऱ्याला परिचित आहे. त्यात फ्युजेरियम झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत शिरते, नळ्या तुंबतात आणि हिरवे झाड उभ्या उभ्या सुकते. मला वाटले व्हॅनिलातही तसेच होत असेल. तसे होत नाही. इथे बुरशी मुळांच्या बाहेरच्या मऊ थरात शिरते आणि तो थर कुजवते. नळ्यांपर्यंत ती सहसा जात नाही. जमिनीतली मुळे आधी तपकिरी, मग काळी पडतात, सालटे बोटांनी निघून येते. वेलाला पाणी-अन्न मिळेनासे होते. मग वेल काय करतो? वरच्या पेरांतून हवेतली मुळे खाली सोडतो. ती जमिनीला टेकतात, काही आठवडे वेल टवटवीत दिसतो, शेतकऱ्याला वाटते सुधारला. मग तीही मुळे कुजतात. पाने पिवळी आणि लिबलिबीत होतात, खोड सुरकुतते, कुठे कुठे खोडावरच काळपट कूज दिसते, आणि काही महिन्यांत वेल खालून वर मरत जातो. मधुमेहाने पाय गेलेल्या माणसाची आठवण मला इथे अपरिहार्यपणे झाली. वरून माणूस बरा दिसतो, बोट काळे पडेपर्यंत कोणी मोजा काढून बघत नाही.

पोर्टो रिको बेटावर शंभर वर्षांपूर्वी या मूळकुजीचा पहिला पद्धतशीर अभ्यास झाला. पुढे तिथला व्हॅनिलाचा धंदा जवळजवळ बसला, आणि त्याचे एक मोठे कारण हीच मूळकूज होती. इंडोनेशिया, मादागास्कर, रियुनियन, भारत, जिथे व्हॅनिला गेली तिथे हा रोग तिच्या मागोमाग गेला. यावर आजपर्यंत खात्रीचा रासायनिक इलाज नाही, हे सरळ सांगितलेले बरे. बुरशी जाड भिंतीचे विश्रांती-बीजाणू तयार करते आणि ते मातीत वर्षानुवर्षे टिकतात. झाड उपटले तरी जागा रोगी राहते. एका जागी वेल मेला की तिथेच दुसरा लावायचा, ही आपली सवय या रोगाच्या फार सोयीची आहे.

बुरशीसारखे दिसणारे, पण बुरशी नसलेले

पावसाळ्यात व्हॅनिलाच्या शेंगा आणि खोड कुजवणारा दुसरा रोग आहे फायटोप्थोराचा. शेंगेच्या टोकाला पाणी सुटल्यासारखा डाग पडतो, तो देठाकडे सरकतो आणि घडच्या घड सडतो. सुपारीच्या बागेतले लोक या जिवाला चांगले ओळखतात, नाव माहीत नसले तरी. पावसात कोवळी सुपारी गळवणारा कोळे रोग याचाच. भारतात व्हॅनिलावर सापडलेली फायटोप्थोरा मीडाय ही जात सुपारीवरच्या कोळे रोगातही सापडते. म्हणजे पोफळीला आधार करून व्हॅनिला चढवायची आणि पोफळीवर बोर्डो मारायचे टाळायचे, तर वरून गळणारे पाणी थेट खालच्या शेंगांवर रोग शिंपडते.

या जिवाची गंमत अशी की तो बुरशीसारखा दिसतो, तसाच वाढतो, तंतू सोडतो, पण तो बुरशी नव्हे. त्याचे नाते समुद्रातल्या तपकिरी शैवालांशी अधिक जवळचे. त्याची पेशीभित्तिका वेगळ्या द्रव्याची असते आणि आपली बरीच बुरशीनाशके ज्या जागेवर घाव घालतात ती जागा त्याच्यात नसतेच. दुकानात 'बुरशीनाशक द्या' म्हटले की बरेचदा कार्बेन्डाझिमचे पाकीट हातात येते. फायटोप्थोरावर ते चालत नाही. तिथे ताम्रयुक्त औषधे, मेटॅलॅक्झिल किंवा पोटॅशियम फॉस्फोनेट लागते. सर्दीवर अँटिबायोटिक घेणाऱ्यांना आम्ही वर्षानुवर्षे जे सांगतो, तेच.

याचाच एक भाऊबंद डोळ्यातही येतो. पिथियम इन्सिडिओसम. साचलेल्या पाण्यातून, शेतातून डोळ्यात जातो, कॉर्नियावर म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर अगदी बुरशीसारखा व्रण करतो आणि बुरशीच्या औषधाला दाद देत नाही. नेत्रतज्ज्ञ त्यावर आता लिनेझोलिड आणि ॲझिथ्रोमायसिन ही प्रत्यक्षात जिवाणूंवरची औषधे वापरतात. तरीही पुष्कळांना कॉर्नियाचे प्रत्यारोपण लागते. पिकाच्या डॉक्टरला आणि माणसाच्या डॉक्टरला एकाच प्रकारच्या जिवाने एकाच पद्धतीने फसवावे, हे वाचताना मला हसूही आले आणि थोडी धास्तीही वाटली.

बाकीचे रोग थोडक्यात. स्क्लेरोशियम नावाची बुरशी पावसाळ्यात जमिनीलगतच्या शेंगांवर आणि खोडावर पांढरे जाळे पसरते, त्यात मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसतात. ते दाणे म्हणजे तिची पुढच्या वर्षाची पेरणी, म्हणून हाताने वेचून बागेबाहेर नष्ट करायचे. कोलेटोट्रायकम पानांवर आणि शेंगांवर करप्याचे खोलगट डाग पाडते. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कोवळ्या शेंगा पिवळ्या पडून गळतात, त्यात बुरशीइतकाच ऊन आणि कोरड्या हवेचा वाटा असतो. तिथे औषधापेक्षा सावली आणि पाण्याचा फवारा अधिक उपयोगी.

वेलाला काय हवे

काकांच्या बागेत मी दोनदा गेलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा जे दिसले ते वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही कळले असते. बुंध्यांशी पाणी साचत होते. सावली इतकी दाट की दुपारी बाराला दिवा लावावा. आणि वेलांवर शेंगांचे घोसच घोस. भाव चढला म्हणून काकांच्या सुनेने आणि दोन बायकांनी सकाळी उठून जेवढी फुले हाती आली तेवढी फलित केली होती. जास्त शेंगा धरलेला वेल दमतो, आणि दमलेल्या वेलाला मूळकूज आधी गाठते. एका घोसात आठ-दहा फुलांपेक्षा जास्त फलित करू नयेत, असा कृषितज्ज्ञांचा सल्ला आहे. पाठोपाठच्या बाळंतपणांनी खंगलेल्या बायका मी वॉर्डात पुष्कळ पाहिल्या आहेत. मला यापेक्षा वेगळी उपमा सुचली नाही.

व्हॅनिलाची मुळे जमिनीत खोल जात नाहीत. वरच्या पालापाचोळ्याच्या थरात ती पसरतात. म्हणून बुंध्याशी खणायचे नाही, कुदळ लावायची नाही. लागवड थोड्या उंचवट्यावर, पाणी निघून जाईल अशी. कुजलेला पाला, नारळाचा सोडणा, शेणखत यांचे आच्छादन. सावली निम्मी; पावसाळ्याआधी आधाराच्या झाडांची, म्हणजे गिरीपुष्प वगैरेंची, छाटणी करून ऊन-वारा आत घ्यायचा, उन्हाळ्यात ती पुन्हा वाढू द्यायची. वेल फार उंच गेला की वाकवून खाली आणायचा, त्याचे एखादे पेर आच्छादनाला टेकू द्यायचे. तिथे नवी मुळे फुटतात आणि जुनी मुळे गेली तरी वेलाला दुसरा आधार मिळतो. रोगी वेल मुळांसकट काढून बागेबाहेर जाळायचा. त्याचे 'वरचे चांगले आहे' म्हणून तुकडे करून दुसरीकडे लावायचे नाहीत. हा मोह फार मोठा असतो, कारण तुकड्याला पैसे पडलेले असतात. रोगी बागेतला कोयता निरोगी वेलाला लावण्याआधी धुवून पुसून घ्यायचा. आमच्याकडे शस्त्रक्रियागृहात जो नियम, तोच.

मित्र बुरशीचा उपाय ट्रायकोडर्मा. मातीत राहणारी ही हिरवी बुरशी इतर बुरश्यांच्या तंतूंना वेटाळून त्यांना खाते, जागा आणि अन्न बळकावते. ती शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून वाढवायची आणि पावसाच्या तोंडावर बुंध्याशी टाकायची. स्युडोमोनास फ्लुओरेसन्स हा जिवाणूही याच कामासाठी मिळतो. काकांनी हे सगळे केले होते, आणि वर त्याच आठवड्यात कार्बेन्डाझिम ओतले होते. मित्र आणि शत्रू दोघेही मेले. ट्रायकोडर्मा आणि रासायनिक बुरशीनाशक यांच्यात पुरेसे दिवसांचे अंतर हवे; किती, ते पाकिटावर असते किंवा कृषी विज्ञान केंद्रात सांगतात.

रोग आल्यावर बुंध्याशी ओतायला कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरला अडीच ग्रॅम, आणि फवारायला एक टक्का बोर्डो मिश्रण, ही जुनी आणि अजूनही टिकून असलेली औषधे. यातले बोर्डो माझ्या अधिक ओळखीचे आहे. ते बनवताना जखमी झालेले लोक माझ्या रुग्णालयात येतात.

मोरचूद, चुना आणि माणूस

फ्रान्समधल्या बोर्डो भागात १८८० च्या दशकात मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींना, चोरांना नकोसे वाटावे म्हणून, मोरचूद-चुना फासलेला असे आणि त्याच वेलींवर केवडा रोग नव्हता. एक टक्का मिश्रणाची आजची कृती अशी. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात, एक किलो चुना पन्नास लिटरमध्ये, आणि मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचे, उलट नाही. भांडी प्लास्टिकची, लोखंडी नको. मिश्रणात लखलखीत कोयता मिनिटभर बुडवायचा, त्यावर तांबूस थर आला तर तांबे मोकळे आहे, चुना वाढवायचा. त्या दिवशी केलेले त्याच दिवशी संपवायचे.

कळीचा चुना विझवताना पाणी उकळते आणि कण उडतात. तो कण डोळ्यात गेला तर तो फ्युजेरियमपेक्षा वेगाने डोळा घालवतो. अल्कली डोळ्याच्या आत झिरपत जाते, आम्लापेक्षा खोल. अशा वेळी पहिले औषध म्हणजे पाणी, तेही तिथेच, लगेच. पापण्या उघड्या धरून किमान अर्धा तास धार सोडायची, पापणीच्या आत अडकलेले चुन्याचे कण स्वच्छ ओल्या कापसाने काढायचे आणि मग दवाखाना. गाडी बघत दहा मिनिटे घालवली तर ती दहा मिनिटे परत मिळत नाहीत. तूप, मध, दूध यांतले काहीही डोळ्यात घालू नये. चुना विझवताना साधा प्लास्टिकचा गॉगल लावला तर यातले काहीच होत नाही. तो शंभर-दोनशे रुपयांना मिळतो.

मोरचूद घरात असणे हाही एक धोका आहे. निळे सुंदर खडे, मुलांना खडीसाखरेसारखे वाटणारे. रागाच्या भरात ते खाल्लेले तरुणही मी पाहिले आहेत. निळी-हिरवी उलटी, पोटात आग, मग रक्तपेशी फुटणे, कावीळ, लघवी बंद. दहा-वीस ग्रॅममध्येही जीव जाऊ शकतो. उलटी करवू नका, मिठाचे पाणी पाजू नका, पाकीट बरोबर घेऊन सरळ रुग्णालयात या. पाकीट आणा हे मी प्रत्येक विषबाधेबाबत सांगतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. ती कीटकनाशके होती, बुरशीनाशके नव्हेत, पण उघड्या अंगाने, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारण्याची सवय तीच आहे. पोर्तुगालमध्ये वर्षानुवर्षे बोर्डो फवारणाऱ्या द्राक्षमजुरांच्या फुफ्फुसांत निळसर गाठी आढळल्याचे १९६९ मध्ये नोंदले गेले. बोर्डो 'सेंद्रिय' आहे, म्हणून निरुपद्रवी, असा समज मी सुशिक्षित बागायतदारांकडूनही ऐकतो.

व्हॅनिलाचा स्वतःचा चीकही निरुपद्रवी नाही. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कण्या असतात, अळूसारख्या. वेल तोडताना हाताला लागला की खाज, लाल चट्टे, फोड येतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घालावेत. आले तर साबणाने धुवावे. दुकानातले मलम लावू नये. त्या मलमात बहुतेक वेळा पुन्हा तेच स्टिरॉइड असते. नायट्याच्या रुग्णांची आज जी दैना आहे, महिनोन्‌महिने औषध घेऊनही न हटणारा नायटा, त्यात या मिश्र मलमांचा मोठा हात आहे.

औषधे आपसांत बोलतात

ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने माणसाला सर्वाधिक धोकादायक ठरणाऱ्या १९ बुरश्यांची यादी पहिल्यांदाच काढली. फ्युजेरियम तिच्यातल्या दुसऱ्या, 'उच्च' गटात आहे. सर्वात वरच्या गटातल्या चार नावांमध्ये ॲस्परजिलस फ्युमिगाटस आहे, आणि त्याचे कारण थेट शेतीशी जोडलेले आहे. रक्ताचा कर्करोग, अवयव प्रत्यारोपण, जुनाट दमा असलेल्या माणसांच्या फुफ्फुसात ही बुरशी शिरते. तिच्यावर आम्ही वोरिकोनॅझोल, इट्राकोनॅझोल देतो. शेतात टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल फवारतात. नावांच्या शेवटी 'नॅझोल' सारखे आहे, कारण कूळ एकच आहे, घाव घालायची जागाही एकच. फवारा ॲस्परजिलससाठी नसतोच, पण ती मातीत आणि सडक्या पाल्यात असतेच, आणि अर्ध्यामुर्ध्या औषधात राहून त्याला सरावते. नेदरलँड्समध्ये हे आधी लक्षात आले. दिल्लीतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये भारतातल्या पर्यावरणातूनही अशी सरावलेली बुरशी शोधून दाखवली. आमच्या वॉर्डातल्या ज्या रुग्णाने कधी बुरशीचे औषध घेतलेले नाही, त्याच्या फुफ्फुसातली बुरशी आधीच औषधाला पुरून उरते, ती अशी.

त्यामुळे 'पुढच्या वेळी आणखी जोरदार औषध मारतो' असे काका म्हणाले तेव्हा मी त्यांना थांबवले. मुळात मूळकुजीवर जोरदार औषध चालत नाही, आणि त्याची किंमत दुसराच कोणीतरी भरतो.

मग दूरचा उपाय काय? वाण. व्हॅनिला पोम्पोना ही जाडजूड चुलत जात या फ्युजेरियमला बरीच दाद देत नाही. दक्षिण भारतातल्या जंगलात पाने नसलेली एक देशी व्हॅनिला आहे, व्हॅनिला ॲफिला. तीही प्रतिकारक्षम आहे. कोळिकोडच्या भारतीय मसाला संशोधन संस्थेत नेहमीच्या व्हॅनिलाशी तिचा संकर करण्याचे काम झाले आहे. मादागास्कर आणि रियुनियनमध्येही असे प्रयत्न चालू आहेत. अडचण नेहमीची: रोगाला टिकणारा वेल सुगंधात कमी पडतो, आणि व्हॅनिला विकली जाते ती सुगंधावर. व्हॅनिलिन तर १८७४ पासून कारखान्यात बनते आहे. आपण खातो त्या आइस्क्रीममधला स्वाद बहुतेक वेळा तिथलाच असतो. शेंगेला भाव आहे तो कारखान्याला जमत नाही त्या उरलेल्या शे-दोनशे गंधद्रव्यांसाठी.

काकांच्या डोळ्याची गोष्ट सांगायची राहिली. नॅटामायसिनचे पाच टक्के थेंब सुरुवातीला दर तासाला, रात्रीसुद्धा. हे औषध जुने आणि स्वस्त आहे. नव्या, महागड्या वोरिकोनॅझोलच्या थेंबांपेक्षा ते फ्युजेरियमवर सरस ठरते, हे दक्षिणेतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले. सहा आठवडे त्यांची सून पदराला घड्याळ बांधल्यासारखी थेंब घालत होती. साखर आटोक्यात आणायला मी इन्सुलिन सुरू केले, ते त्यांना डोळ्यापेक्षा जास्त लागले. व्रण भरला. बुबुळावर फूल राहिले, थोडे कडेला, त्यामुळे नजर निम्म्याहून अधिक वाचली. स्टिरॉइडचे थेंब आणखी आठवडाभर चालले असते तर प्रत्यारोपणाची रांग होती.

वेलींपैकी दोन तृतीयांश गेल्या. त्या त्यांनी जाळल्या. बागेच्या वरच्या अंगाला, जिथे पूर्वी व्हॅनिला नव्हती, तिथे गेल्या पावसाळ्याआधी चाळीस तुकडे लावले. या वेळी ते आधी पिशवीत तीन महिने वाढवून, मुळे बघून. मागच्या महिन्यात आले तेव्हा साखर १६० होती, गॉगल कपाळावर होता आणि कोयता मिश्रणात किती वेळ बुडवायचा, एक मिनिट की दोन, हे विचारायला विसरले नाहीत.